चॉकलेटचे संग्रहालय आणि श्रमाचा इतिहास : कोलोन येथील भेटीच्या आधारे एक अभ्यास

प्रस्तावना :

संग्रहालय म्हटले की शिल्पे, नाणी, शस्त्रे, ताम्रपट आणि राजघराण्यातील वस्तू आपल्या डोळ्यांसमोर येतात. दैनंदिन जीवनातील एखाद्या खाद्यपदार्थाचे स्वतंत्र संग्रहालय असू शकते आणि ते इतिहासाच्या अभ्यासकाला उपयुक्त ठरू शकते, ही कल्पना आपल्याकडे अद्याप फारशी रुजलेली नाही. वस्तूंच्या इतिहासाला मात्र गेल्या काही दशकांत इतिहासलेखनात महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे. साखर, चहा, कापूस, मीठ यांसारख्या वस्तूंच्या प्रवासातून व्यापार, वसाहतवाद, तंत्रज्ञान आणि श्रम यांचे परस्परसंबंध उलगडता येतात. चॉकलेट ही अशीच एक वस्तू होय.

एका चर्चासत्राच्या निमित्ताने जर्मनीत जाण्याचा योग आला असता कोलोन शहरातील चॉकलेट संग्रहालय पाहता आले. ऱ्हाईन नदीच्या काठी, जुन्या बंदराच्या भूशिरावर, काच आणि धातू यांची जहाजाच्या आकाराची ही इमारत उभी आहे. आत शिरताना प्रत्येक पाहुण्याच्या हाती चॉकलेटची एक लहानशी वडी ठेवली जाते. ती तोंडात विरघळत असतानाच भेट सुरू होते. ही वडी ज्यांच्या हातांतून आली ते हात या इतिहासात कोठे दिसतात, हा प्रश्न तेथेच मनात आला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) कोलोन येथील चॉकलेट संग्रहालयाची पार्श्वभूमी व मांडणी यांचा परिचय करून घेणे.
२) कोकोच्या इतिहासातील श्रमसंबंधांच्या बदलत्या स्वरूपाचा आढावा घेणे.
३) इतिहासाच्या अध्यापनात अशा संग्रहालयांचा उपयोग कसा करता येईल याचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी प्रत्यक्ष निरीक्षण आणि ऐतिहासिक पद्धती यांचा अवलंब केला आहे. संग्रहालयातील दालनांचा क्रम हा विवेचनाचा आधार मानला असून, त्या क्रमात जेथे श्रमाचा प्रश्न उपस्थित होतो तेथे प्रकाशित इतिहासलेखनाच्या साहाय्याने त्याची मांडणी केली आहे.

संग्रहालयाची पार्श्वभूमी :

कोलोनमध्ये फ्रान्झ स्टोलवेर्क यांनी १८३९ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे जर्मनीतील एक अग्रगण्य चॉकलेट कंपनी उभी राहिली. १९७२ मध्ये ही कंपनी उद्योजक हान्स इमहॉफ (१९२२–२००७) यांच्या ताब्यात आली. शहराच्या दक्षिण भागातील जुना कारखाना नव्या जागी हलविण्यात आला तेव्हा जुनी यंत्रे, साचे, वेष्टने आणि कागदपत्रे भंगारात जाण्याची वेळ आली होती. ती जतन करण्यातून संग्रहाची सुरुवात झाली आणि ३१ ऑक्टोबर १९९३ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. २००२ मध्ये कंपनी बॅरी कॅलेबॉ या समूहाकडे गेली. २००६ पासून लिंट ही स्विस कंपनी संग्रहालयाची भागीदार झाली.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. जुना कारखाना रिकामा झाल्यावर १९८० मध्ये परवडणाऱ्या घरांची मागणी करीत शेकडो नागरिकांनी त्याच्या इमारतींचा ताबा घेतला होता. म्हणजेच ज्या वास्तूतील वस्तू संग्रहालयात आल्या, ती वास्तू स्वतःच सामाजिक संघर्षाचे स्थळ ठरली होती. कारखान्याचा इतिहास हा केवळ यंत्रांचा इतिहास नसतो, याची ही घटना साक्ष देते.

दालनांचा क्रम : वनस्पती, वस्तू, यंत्र

संग्रहालयाचा क्रम झाडापासून सुरू होतो. काचेच्या एका उष्ण, दमट हरितगृहात कोकोची झाडे वाढविलेली आहेत. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस साधारण वीस अंशांच्या पट्ट्यातच हे झाड वाढते. त्याची फुले व फळे थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात. एका फळात सामान्यतः तीस ते चाळीस बिया असतात आणि त्यांभोवती पांढरा, आंबटगोड गर असतो. फळ कोयत्याने उतरवावे लागते, फोडावे लागते, बिया गरासह केळीच्या पानांखाली वा लाकडी खोक्यांत पाच ते सात दिवस आंबवाव्या लागतात आणि नंतर उन्हात वाळवाव्या लागतात. चॉकलेटचा ओळखीचा स्वाद या आंबवण्यातच तयार होऊ लागतो. आंबवल्याशिवाय भाजलेल्या बियांना तो येत नाही. ही सर्व कामे आजही मुख्यतः हातांनीच होतात.

यानंतर कारखान्याची छोटी प्रतिकृती येते. तेथे बिया भाजणे, दळणे, घोटणे आणि साच्यात ओतणे या क्रिया काचेआडून प्रत्यक्ष पाहता येतात. शेवटी सुमारे तीन मीटर उंचीचे चॉकलेटचे कारंजे आहे. तेथील कर्मचारी पातळ कुरकुरीत बिस्किटे त्यात बुडवून पाहुण्यांना देतात. गर्दी सर्वाधिक असते ती येथेच.

शेतीसंबंधीच्या दालनात उत्पादकांचे उत्पन्न आणि बालमजुरी हे प्रश्न संग्रहालयाने टाळलेले नाहीत, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तथापि पाहुण्यांची पावले कोठे रेंगाळतात हे पाहिले तर मजकुराच्या फलकांपेक्षा यंत्र आणि कारंजे यांचे आकर्षण कितीतरी प्रबळ आहे असे दिसून येते. झाड हे निसर्गाचे, यंत्र हे विज्ञानाचे आणि कारंजे हे आनंदाचे प्रतीक ठरते. या तिहींना जोडणारा माणूस मात्र सहज नजरेआड होतो. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाने हाच क्रम श्रमाच्या अंगाने पुन्हा वाचणे गरजेचे ठरते.

प्राचीन अमेरिकेतील कोको :

कोकोच्या वापराचा सध्या ज्ञात असलेला सर्वांत जुना पुरावा दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात सांता आना–ला फ्लोरिडा या स्थळी मिळाला असून तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा आहे. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मध्य अमेरिकेतील माया आणि मेक्सिकोतील अॅझ्टेक संस्कृतींत कोकोला मानाचे स्थान मिळाले. ग्वातेमालातील रिओ अझुल येथे सापडलेल्या इसवी सनाच्या पाचव्या शतकातील एका भांड्यावर माया लिपीत कोकोचा उल्लेख असून त्याच्या आत कोकोचे अंश आढळले आहेत.

या समाजात कोको हे पेय होते, तसेच चलनही होते. त्लाश्काला येथील १५४५ च्या एका दस्तऐवजात वस्तूंच्या किमती कोकोच्या बियांत दिलेल्या आहेत. त्यानुसार टर्की जातीच्या चांगल्या मादीची किंमत शंभर बिया, तर एका मोठ्या टोमॅटोची किंमत एक बी इतकी होती. अॅझ्टेक राज्यकर्ते सोकोनुस्को प्रदेशातून कोकोच्या रूपाने खंडणी वसूल करीत. एका ओझ्यात २४,००० बिया मोजल्या जात आणि ती ओझी माणसांच्या पाठीवरून राजधानीकडे जात, कारण तेथे ओझ्याची जनावरे नव्हती. याचा अर्थ असा की, कोकोच्या मागे सत्तेने वसूल केलेले श्रम युरोपीय लोक येण्यापूर्वीही होते. वसाहतवादाने शोषण प्रथम निर्माण केले असे नव्हे, तर त्याची व्याप्ती आणि त्याचे अंतर वाढविले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

युरोपात प्रवेश आणि यंत्रयुग :

१५४४ मध्ये डॉमिनिकन धर्मप्रसारकांसमवेत स्पेनच्या राजपुत्राच्या भेटीस गेलेल्या माया शिष्टमंडळाने नेलेल्या भेटवस्तूंत चॉकलेट होते. स्पेनमधील चॉकलेटची ही पहिली ज्ञात नोंद मानली जाते. १५८५ मध्ये वेराक्रूझहून सेव्हिल येथे व्यापारी माल म्हणून कोको पोहोचला. १६५७ मध्ये लंडनमध्ये चॉकलेटचे पहिले पेयगृह सुरू झाले. संग्रहालयातील चिनी मातीची व चांदीची अठराव्या शतकातील नाजूक पात्रे या काळातील अभिजन वर्गाच्या रुचीची साक्ष देतात. मात्र त्या पात्रातील दोन्ही प्रमुख घटकांमागे गुलामांचे श्रम होते. व्हेनेझुएलातील कोकोच्या मळ्यांवर आणि कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून बळजबरीने आणलेले लोक राबत होते. कडू कोको युरोपच्या जिभेला गोड लागला तो या साखरेमुळेच.

एकोणिसाव्या शतकात यंत्राने या पेयाचे रूपांतर खाद्यात केले. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन यांच्या दाबयंत्राने कोकोतील स्निग्धांश वेगळा करता येऊ लागला. १८४७ मध्ये इंग्लंडमधील फ्राय कंपनीने खाण्याच्या चॉकलेटची वडी तयार केली. १८७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी दुधाचे चॉकलेट बनविले आणि १८७९ मध्ये रोडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट दीर्घकाळ घोटून मऊ करण्याचे तंत्र शोधले. स्टोलवेर्क कंपनीने १८८७ पासून नाणे टाकताच चॉकलेट देणारी यंत्रे आणली. अभिजनांची चैन कामगाराच्या मुलाच्या हाती पोहोचली. परंतु मागणी जितकी वाढली तितकी मळ्यावरील मनुष्यबळाची गरजही वाढली. कारखान्यात यंत्र आले, मळ्यावर आले नाही. चॉकलेटच्या आधुनिक इतिहासातील मूळ विसंगती येथे आहे.

साओ टोमे : कराराच्या नावाखाली गुलामी

या विसंगतीचे सर्वांत ठळक उदाहरण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील साओ टोमे व प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांचे आहे. गोव्यावर १९६१ पर्यंत राज्य करणारी हीच सत्ता होय. कायद्याने गुलामगिरी १८७५ मध्ये संपुष्टात आली होती. प्रत्यक्षात अंगोलाच्या अंतर्भागातून माणसे पकडून वा विकत घेऊन, त्यांना पाच वर्षांच्या कराराखालील मजूर म्हणून बेटांवर आणले जात असे. करार संपला तरी त्यांतील जवळजवळ कोणीही घरी परतत नसे.

ब्रिटनमधील कॅडबरी कंपनी या बेटांवरून मोठ्या प्रमाणावर कोको घेत होती. तिचे चालक क्वेकर पंथाचे, गुलामगिरीविरोधी परंपरेचे आणि आपल्या कामगारांसाठी बोर्नव्हिल ही आदर्श वसाहत उभारणारे होते. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरी यांच्या कानी बेटांवरील स्थिती आली. १९०५ मध्ये जोसेफ बर्ट यांना चौकशीसाठी पाठविण्यात आले. या चौकशीमागे कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री या ब्रिटिश कंपन्यांबरोबर कोलोनची स्टोलवेर्क कंपनीही होती. दरम्यान पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी प्रत्यक्ष प्रवास करून १९०६ मध्ये पुस्तकरूपाने हा व्यवहार जगासमोर मांडला. तरीही ब्रिटिश कंपन्यांनी या कोकोवर बहिष्कार घोषित केला तो मार्च १९०९ मध्ये. माहिती मिळण्यापासून खरेदी थांबेपर्यंत आठ वर्षे गेली.

या विलंबावर टीका करणाऱ्या ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्रावर कॅडबरीने बदनामीचा दावा केला. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅम येथे त्याची सुनावणी झाली. कंपनीची बाजू रुफस आयझॅक्स यांनी मांडली. हेच पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून १९२१ ते १९२६ या काळात भारताचे व्हाइसरॉय झाले. ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. परंतु नुकसानभरपाई म्हणून केवळ एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, मंजूर केली. कायद्याने बदनामी सिद्ध झाली, पण त्या प्रतिष्ठेचे मोल ज्यूरीने किती ठरविले हे या रकमेवरून स्पष्ट होते. सद्हेतू असलेली माणसेही नफ्याच्या साखळीत किती काळ वाट पाहत राहू शकतात, हा या प्रकरणाचा खरा बोध होय.

गोल्ड कोस्ट : शेतकऱ्यांचा कोको

याच काळात दुसरा एक नमुना आकार घेत होता. आजच्या घानात, म्हणजे तत्कालीन गोल्ड कोस्टमध्ये, कोकोच्या लागवडीच्या प्रसाराचे श्रेय टेटे क्वार्शी या लोहाराला दिले जाते. १८७९ मध्ये त्याने फर्नांडो पो बेटावरून बिया आणून लावल्या. येथे युरोपीय मळेवाल्यांनी नव्हे, तर आफ्रिकन शेतकऱ्यांनी कोको वाढविला. पॉली हिल यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे, अनेक शेतकरी आपले गाव सोडून, एकत्र येऊन जमिनी विकत घेत आणि नियोजनपूर्वक लागवड करीत. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगातील सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला होता.

१९३७ मध्ये युरोपीय खरेदीदार कंपन्यांनी भाव पाडण्यासाठी आपसांत संगनमत केले तेव्हा शेतकऱ्यांनी कोको विकण्यासच नकार दिला. १९३७–३८ च्या हंगामात माल महिनोन्‌महिने अडून राहिला आणि ब्रिटिश सरकारला नॉवेल आयोग नेमावा लागला. साओ टोमे आणि गोल्ड कोस्ट या दोन उदाहरणांची तुलना केल्यास एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. झाड तेच, हवामान बरेचसे सारखे आणि बाजारपेठही तीच. परंतु जमीन कोणाची आणि नकार देण्याचा अधिकार कोणाला, यावरून श्रमाचे स्वरूप ठरले. वेठबिगारी ही कोकोच्या पिकाची नैसर्गिक गरज नव्हती. ती धोरणाची निवड होती.

जर्मनीचाही या इतिहासाशी थेट संबंध आहे. कॅमेरून ही १८८४ पासून जर्मनीची वसाहत होती. तेथे कॅमेरून पर्वताच्या उतारावरील बाकवेरी लोकांच्या जमिनी घेऊन कोकोचे मोठे मळे उभारण्यात आले. येथे गोल्ड कोस्टचा नव्हे, तर साओ टोमेचा मार्ग जवळचा होता.

जाहिरातीतील प्रतिमा :

श्रम अदृश्य करण्याचे काम जाहिरातींनीही केले. स्टोलवेर्कसह अनेक कंपन्या चॉकलेटबरोबर संग्राह्य रंगीत चित्रे देत. या प्रकारच्या चित्रांतून वसाहतींचे जग रम्य आणि सुखी दिसे. झारोटी या जर्मन चॉकलेटची ओळख असलेली, १९१८ मध्ये निर्माण झालेली कृष्णवर्णीय सेवकाची आकृती याच परंपरेतील होय. २००४ मध्ये तिचे रूप बदलून तिला जादूगार बनविण्यात आले. मळ्यावर राबणारा आफ्रिकन माणूस चॉकलेटच्या वेष्टनावर आला तो हसतमुख सेवक म्हणून. त्याच्या हातातील कोयता मात्र चित्रात आला नाही.

वर्तमान स्थिती :

आज आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवितात. बहुतांश उत्पादक अल्पभूधारक आहेत. सप्टेंबर २००१ मध्ये चॉकलेट उद्योगाने बालमजुरीचे अत्यंत वाईट प्रकार थांबविण्यासाठी हार्किन–एंगल करार स्वीकारला. त्यासाठी ठरविलेली २००५ ची मुदत पुढे वारंवार वाढवावी लागली. शिकागो विद्यापीठातील नॉर्क या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०१८–१९ या वर्षात या दोन देशांच्या कोको उत्पादक भागांत सुमारे १५.६ लाख बालके बालमजुरीत होती. १९०१ ते १९०९ मधील विलंबाची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. २०२४ मध्ये रोगराई व प्रतिकूल हवामानामुळे उत्पादन घटले आणि जागतिक वायदेबाजारात कोकोचा भाव प्रथमच टनास १०,००० डॉलरच्या वर गेला. मात्र या दोन्ही देशांत शेतकऱ्याला मिळणारा दर हंगामाच्या आरंभीच शासकीय यंत्रणा ठरवीत असल्याने, बाजारातील उसळी जशीच्या तशी त्याच्यापर्यंत पोहोचली नाही.

भारतीय संदर्भ आणि इतिहासाचे अध्यापन :

कॅडबरी कंपनीने १९४८ मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला. तिचे नाव मराठी घरांत इतके रुळले की ‘कॅडबरी’ हा शब्द चॉकलेटसाठी सामान्यनाम बनला. केरळ व कर्नाटकात कोकोची लागवड वाढली आणि १९८६ मध्ये कॅम्पको या सहकारी संस्थेने पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. उत्पादकांच्या संस्थेनेच प्रक्रिया हाती घेण्याचे हे उदाहरण गोल्ड कोस्टच्या परंपरेशी नाते सांगणारे आहे.

कोलोनच्या भेटीने महाराष्ट्रातील इतिहासाच्या अध्यापकासमोर आणखी एक प्रश्न उभा राहतो. चॉकलेटमधील दुसरा प्रमुख घटक असलेली साखर आपल्या परिसरातच तयार होते. आपण विद्यार्थ्यांची शैक्षणिक सहल साखर कारखान्यावर नेतो. गव्हाण, चरक, बाष्पपात्रे दाखवितो आणि शेवटी पांढरीशुभ्र साखर तळहातावर घेऊन परततो. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांकडे सहलीची बस वळत नाही. आपल्याच वर्गातील काही विद्यार्थी दिवाळीनंतर अनुपस्थित दिसतात, कारण ते आईवडिलांसोबत फडात असतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे आपण केवळ ‘गैरहजर’ असे लिहितो. कोलोनच्या कारंज्यासमोर हे विद्यार्थी आठवले, हे येथे मान्य केले पाहिजे. दूरच्या देशातील उणिवा दाखविणे सोपे असते. आपल्या अंगणातील यंत्र दाखवून माणूस वगळण्याची सवय आपल्यालाही आहे.

त्यामुळे अशा भेटींच्या वेळी विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न देता येतील : ही वस्तू कोणत्या जमिनीवर पिकली आणि ती जमीन कोणाची होती? कोणते काम यंत्राने होते व कोणते हाताने? मजुरी कोण ठरवितो? काम नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना फडावर गेलेला विद्यार्थीच वर्गातील सर्वांत महत्त्वाचा माहितगार ठरेल.

निष्कर्ष :

१) कोलोनचे चॉकलेट संग्रहालय एका कारखान्याच्या टाकाऊ ठरू पाहणाऱ्या वस्तूंतून उभे राहिले असून, वस्तूंच्या इतिहासाचे ते महत्त्वाचे साधन आहे.
२) चॉकलेटच्या इतिहासात यंत्राने कारखाना बदलला, मळ्यावरील काम मात्र मुख्यतः हातांवरच अवलंबून राहिले. श्रमाचे शोषण याच दरीत वाढले.
३) साओ टोमे आणि गोल्ड कोस्ट यांच्या तुलनेवरून असे दिसते की, शोषण हे पिकाचे नव्हे, तर जमीनधारणा, कायदा आणि बाजारसत्ता यांचे फलित असते. म्हणूनच ते बदलता येते.
४) अन्याय ज्ञात होणे आणि तो थांबणे यांत अंतर असते. १९०१–१९०९ आणि २००१ नंतरचा काळ, दोन्ही हेच दर्शवितात.
५) संग्रहालय वा कारखाना यांच्या शैक्षणिक भेटीत उत्पादनप्रक्रियेसोबत श्रमिकांचे जीवन हाही अभ्यासाचा विषय असला पाहिजे.

समारोप :

संग्रहालयातून बाहेर पडताना पाहुणा पुन्हा ऱ्हाईनच्या काठावर येतो. एके काळी याच बंदरात दूरदेशीचा माल उतरत असे. आज तेथे पर्यटक उतरतात. पिकविणारा आणि खाणारा यांच्यातील अंतर मात्र तसेच आहे. ते अंतर कमी करणे एकट्या संग्रहालयाला शक्य नाही; परंतु ते दाखवून देणे इतिहासाच्या अध्यापकाला निश्चितच शक्य आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या हजेरीपटावरील एका ‘गैरहजर’ नावापासून करता येईल.